पोच मिळेपर्यंत

फोन हातात असेल तर तो थोडा वेळ बाजूला ठेवा. आज एकाच फोटोचं मनन करायचं आहे. तो कुठे जन्मतो, वाटेत त्याचं काय होतं, कुठे मुक्कामाला जातो आणि या साऱ्या प्रवासात तो कोणाच्या जबाबदारीवर असतो, एवढंच पाहायचं. घाई नाही. एकेक टप्पा मनासमोर येऊ द्या, तिथे थांबा, मग पुढे चला.

ज्याच्यावर कोणाचं तरी काही अवलंबून आहे असा फोटो निवडू. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली. शेतकरी आपल्या गटात उभा राहतो, पिकाचं नाव, क्षेत्र, सिंचनाचं साधन भरतो, उभ्या पिकाचा फोटो अक्षांश-रेखांशासह काढतो, आणि ती नोंद सातबाऱ्यातल्या गाव नमुना बारावर जाते. पुढे पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीची मदत अशा कामांत हीच नोंद पाहिली जाते. त्या ॲपच्या आतल्या रचनेत आपण शिरणार नाही. आपल्याला हवा आहे तो तसा प्रसंग: सोयाबीनचं रान, वर भरून आलेलं आभाळ, साधा अँड्रॉइड फोन, येणारी-जाणारी रेंज आणि समोर एक बटण. हा फोटो हरवला तर काय हरवेल, हा प्रश्न आधी मनाशी नीट बसू द्या. पुढचं सगळं त्याच्या उजेडात पाहायचं आहे.

आता बटण दाबण्याच्या क्षणापाशी या. भिंगातून आलेला प्रकाश सेन्सरवर पडतो. सेन्सरवर सूक्ष्म खाने असतात आणि प्रत्येक खान्यावर एकाच रंगाची गाळणी असते: निम्म्यांवर हिरवी, पाव हिश्श्यावर लाल, पाव हिश्श्यावर निळी. ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांची. १९७६ साली तिला पेटंट मिळालं आणि आजच्या बहुतेक फोनमधले कॅमेरे तिच्याच आधारावर चालतात. म्हणजे प्रत्येक ठिपक्यापाशी तीन रंगांपैकी एकच खरा मोजलेला असतो. उरलेले दोन शेजारच्या खान्यांवरून काढलेले असतात. आपण ज्याला जसंच्या तसं म्हणतो, त्या चित्रातली रंगांची दोन-तृतीयांश माहिती हे अनुमान आहे. चांगलं, कसलेलं अनुमान, पण अनुमानच. हे एकदा समजलं की फोटोकडे पाहण्याची नजर बदलते. तो शेतातल्या त्या क्षणाची साक्ष असतो, आणि साक्ष पुढे नेणाऱ्याने ती काळजीपूर्वकच न्यायची असते.

समजा चित्र ४००० बाय ३००० ठिपक्यांचं आहे. म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. फोनच्या स्मृतीत प्रत्येक ठिपक्याला सहसा ४ बाइट लागतात. गुणाकार करा: ४ कोटी ८० लाख बाइट, सुमारे ४८ एमबी. आणि गॅलरीत तोच फोटो जेमतेम ३-४ एमबीचा दिसतो. बाकीचं कुठे गेलं? इथे थांबू या, कारण या प्रश्नाचं उत्तर एका माणसाच्या चिकाटीपाशी जातं.

मूळचे बेंगळुरूचे नासिर अहमद अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत होते. १९७२ साली त्यांनी एका नव्या गणिती रूपांतरावर काम करण्यासाठी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला. तो मिळाला नाही. काम मात्र चालू राहिलं, आणि जानेवारी १९७४ मध्ये टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह त्यांनी ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ प्रसिद्ध केलं. गॅलरीतले फोटो सहसा ज्या ‘जेपेग’ पद्धतीने साठवलेले असतात, तिच्या १९९२ च्या मानकाच्या गाभ्याशी हेच रूपांतर आहे. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनातले ६४ आकडे अशा ६४ आकड्यांत बदलायचे, की त्यांतून उजेड कुठे हळूहळू बदलतो आणि कुठे झपाट्याने बदलतो ते वेगळं होतं. डोळ्याला संथ बदल चांगले जाणवतात, बारीक झपाट्याचे कमी जाणवतात. म्हणून दुसऱ्या प्रकारचे आकडे ढोबळ करायचे. त्यांतले पुष्कळसे शून्य होतात आणि शून्यांची ओळ थोडक्यात लिहिता येते. उजेडापेक्षा रंगाचा तपशील डोळा कमी टिपतो, म्हणून रंगाची माहिती बहुधा आणखी विरळ ठेवली जाते.

म्हणजे फोटो लहान होतो तो काहीतरी सोडून दिल्यामुळे. सोडलेलं परत येत नाही. तोच फोटो पुन्हा उघडून पुन्हा जेपेगमध्ये साठवला की पुन्हा थोडं सुटतं. एका ॲपने लहान केला, दुसऱ्यातून पाठवला, तिथून उतरवून तिसऱ्यात चढवला, तर प्रत्येक ठिकाणी सोयाबीनच्या पानावरच्या शिरा थोड्या पुसट होत जातात. तेव्हा काय सोडायचं ते एकदाच, शक्य तितकं उगमाजवळ आणि विचार करून ठरवावं. तो विचार करताना एकच प्रश्न उपयोगी पडतो: हे चित्र पुढे कोण पाहणार आहे आणि ते पाहून काय ठरवणार आहे? शेतात कोणतं पीक उभं आहे एवढंच ओळखायचं असेल, तर लांब बाजूला १६०० ठिपके भरपूर झाले. पानावरची कीड ओळखायची असेल तर कदाचित पुरणार नाहीत. त्वचेवरचा डाग डॉक्टरला दाखवायचा असेल, तर ते ठरवण्याचा अधिकार प्रोग्रामरने एकट्याने घेऊ नये, डॉक्टरला विचारावं.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट मनात धरा. फाइल लहान झाली तरी पडद्यावर दाखवताना तिचे पुन्हा ठिपके होतात. यादीत असे २० फोटो पूर्ण आकारात उघडले तर ९६ कोटी बाइट लागतात. स्वस्त फोनची स्मृती तिथेच संपते आणि ॲप बंद पडतं. ४०० बाय ३०० आकाराचं छोटं चित्र ४ लाख ८० हजार बाइटमध्ये बसतं. असे २० मिळून ९६ लाख. म्हणजे शंभरावा हिस्सा. जेवढ्या जागेत दाखवायचं तेवढंच उलगडायचं, हा साधा नियम पाळला की दहा हजारांचा फोनही नीट चालतो. ॲप कोणासाठी आहे याचं खरं उत्तर अशा गुणाकारांत असतं.

आता फोटोसोबत काय काय निघालंय ते पाहा. जेपेग फाइलमध्ये चित्राखेरीज ‘एक्झिफ’ नावाच्या नोंदी असतात: तारीख, वेळ, फोनचं मॉडेल, भिंगाची माहिती, परवानगी दिलेली असेल तर अक्षांश-रेखांश. शेताच्या फोटोला स्थान लागतंच. त्याच्याशिवाय ती पाहणी कसली? पण तोच शेतकरी उद्या घरात खेळणाऱ्या नातीचा फोटो दुसऱ्या एखाद्या ॲपवर टाकेल, तेव्हा तीच नोंद घराचा पत्ता अनोळखी माणसाच्या हाती देईल. नोंद एकच, प्रसंग दोन. एका ठिकाणी ती पुरावा आहे आणि दुसऱ्या ठिकाणी धोका. म्हणून जे मागितलं आणि ज्या कामासाठी मागितलं, तेवढंच ठेवायचं. बाकीच्या नोंदी साठवणीत जाण्यापूर्वी काढून टाकायच्या.

काढतानाही भान हवं. फोन आडवा धरा की उभा, बरेच कॅमेरे चित्र एकाच दिशेने साठवतात आणि ‘हे इतकं फिरवून दाखवा’ अशी खूण एक्झिफमध्ये लिहितात. तिच्या एक ते आठ अशा किमती असतात. ती खूण न वाचता सगळ्या नोंदी पुसल्या तर उभा माणूस आडवा झोपतो. आधी ठिपके प्रत्यक्ष फिरवायचे, मग नोंदी पुसायच्या. क्रम उलटला की चित्र बिघडलं. लहान वाटणाऱ्या या दोन पायऱ्यांमध्ये क्षणभर रेंगाळा. काळजी घेणं म्हणजे बरेचदा क्रम सांभाळणं असतं.

फोटो आता निघायला तयार आहे. पाठवायचा कसा? पुष्कळ ठिकाणी फोटोचं अक्षरांत रूपांतर करून तो इतर माहितीसोबत एकाच मजकुरात कोंबला जातो. या ‘बेस-६४’ पद्धतीत प्रत्येक ३ बाइटची ४ अक्षरं होतात, म्हणजे वजन एक-तृतीयांशाने वाढतं. शेतातल्या रेंजवर तो भार कोण वाहतो? ज्याचा फोन आहे तो. सेकंदाला २०० किलोबिट एवढीच चाल मिळत असेल, तर ४ एमबीच्या फोटोला १६० सेकंद लागतात. तोच विचारपूर्वक ३०० केबीचा केला तर १२ सेकंद. बारा सेकंद रेंज टिकण्याची शक्यता आणि जवळजवळ पावणेतीन मिनिटं टिकण्याची शक्यता, या दोन्ही मनाशी तोलून पाहा.

दुसरा प्रश्न दाराचा. क्लाउडमधल्या साठवणीला किल्ली लागते. ती किल्ली ॲपमध्येच ठेवून दिली तर ॲप उकलून पाहणारा कोणीही ती काढून घेऊ शकतो, आणि मग साऱ्या शेतकऱ्यांचे फोटो त्याला उघडे. चांगली रीत अशी: फोन आधी आपल्या सर्व्हरला विचारतो की अमुक वापरकर्त्याला अमुक आकाराचा एक फोटो ठेवायचा आहे. सर्व्हर ओळख तपासतो आणि थोड्या वेळापुरता चालणारा, सही केलेला एक दुवा देतो. कारखान्याच्या फाटकावर मिळणाऱ्या गेटपाससारखा: नाव लिहिलेलं, वेळ लिहिलेली, कुठल्या विभागात जायचं तेही लिहिलेलं. फोन तो दुवा घेऊन फोटो थेट साठवणीत ठेवतो. ॲमेझॉनच्या ‘एस-३’ या साठवणीत अशा दुव्याची मुदत जास्तीत जास्त ७ दिवस ठेवता येते. एका फोटोला सहसा काही मिनिटं पुरतात. मूळ किल्ली सर्व्हरच्या बाहेर कधीच पडत नाही. विश्वास ठेवायचा तो इतका नेमका, मोजका आणि मुदतीचा ठेवता येतो, हे पाहून घ्या.

आता सर्वांत महत्त्वाच्या टप्प्यापाशी आलो. इथे जास्त वेळ बसू.

फोटो निघाला. टक्केवारीची पट्टी सरकतेय. ४०, ६०, ८०. आणि रेंज गेली. पडद्यावर काहीच नाही. आता सांगा, फोटो पोहोचला का?

फोनला ठाऊक नाही. कदाचित शेवटचे बाइट पोहोचलेच नसतील. कदाचित सगळे पोहोचले असतील, साठवणीत फोटो नीट बसला असेल आणि ‘मिळाला’ हा निरोप परत येताना वाटेत हरवला असेल. पाठवणाऱ्याला या दोन्ही गोष्टी हुबेहूब सारख्या दिसतात. संगणकशास्त्रात याला दोन सेनापतींचा प्रश्न म्हणतात. हे नाव जिम ग्रे यांच्या १९७८ सालच्या लेखनातून रूढ झालं. निरोप हरवू शकणाऱ्या वाटेवरून कितीही निरोप पाठवले, तरी दोन्ही टोकांना एकमेकांविषयी पूर्ण खात्री कधीच होऊ शकत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. उत्तर न येणं म्हणजे नकार नव्हे, आणि होकारही नव्हे. एवढं एक वाक्य मनात खोलवर जाऊ द्या. अपलोडच्या बहुतेक चुका इथून जन्मतात.

खात्री अशक्य आहे, मग करायचं काय? तीन गोष्टी करता येतात.

पहिली: फोटो निघण्यापूर्वीच फोनने त्याला एक न बदलणारी ओळख द्यावी. पुन्हा पाठवला तरी तीच ओळख. मग सर्व्हर म्हणू शकतो, हा माझ्याकडे आहे, पुन्हा नोंद नको. दहा वेळा पाठवला तरी नमुना बारावर नोंद एकच. पुन्हा पाठवण्याची भीती गेली की अनिश्चितता सोसता येते.

दुसरी: पुन्हा पाठवताना धीर धरावा. एक सेकंद थांबून, मग दोन, मग चार, मग आठ, आणि प्रत्येक वेळी त्यात थोडी यदृच्छा मिसळून. टॉवर परत चालू झाला की पंचक्रोशीतले सगळे फोन एकाच क्षणी दार ठोठावू लागतात, आणि नुकता उभा राहिलेला सर्व्हर पुन्हा कोसळतो. प्रत्येकाने थोडं मागेपुढे यायचं ठरवलं की सगळ्यांचंच काम होतं.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यांचं मूळ: पोच मिळेपर्यंत मूळ फोटो हातातून सोडायचा नाही. तो ॲपच्या स्वतःच्या, कायमच्या जागेत जपून ठेवायचा. गॅलरीतल्या फोटोकडे नुसतं बोट दाखवून ठेवलं तर जागा करण्यासाठी घरातलं कोणी तरी तो सहज काढून टाकेल. कॅशेच्या फोल्डरमध्ये ठेवला तर जागा कमी पडल्यावर यंत्रणाच तो पुसेल. कॅशे त्याचसाठी असते. पाठवण्याचं कामही कायम नोंदवलेलं हवं, फोन बंद होऊन सुरू झाला तरी आठवणारं. अँड्रॉइडवर ‘वर्कमॅनेजर’ आणि आयफोनवर पार्श्वभूमीत चालणारं ‘यूआरएलसेशन’ या कामी उपयोगी पडतात. आणि पडद्यावर खरं तेच लिहायचं: ‘फोनमध्ये जतन आहे, अजून पाठवलेला नाही.’ पट्टी १०० वर गेली म्हणून ‘यशस्वी’ लिहायचं नाही. सर्व्हरने फोटो उघडून तपासला, नोंद केली आणि तसं कळवलं, तेव्हाच ‘पोहोचला’ म्हणायचं. शेतकरी त्या एका शब्दावर विसंबून घरी जातो.

आता पलीकडे जाऊ. क्लाउड म्हणजे आभाळात काही नाही. ती जमिनीवरची इमारत आहे, वीज खाणारी, थंड ठेवावी लागणारी. मायक्रोसॉफ्टचं केंद्र २०१५ पासून पुण्यात आहे, ॲमेझॉनचं २०१६ पासून मुंबईत, गूगलचं २०१७ पासून मुंबईत. एस-३ चा टिकाऊपणा ९९.९९९९९९९९९ टक्के अशा हेतूने आखलेला आहे; ॲमेझॉनच्या हिशोबाने १ कोटी वस्तू ठेवल्या तर सरासरी १०,००० वर्षांत एखादी हरवेल. आकडा थक्क करणारा आहे, पण तो डिस्क बिघडण्याविषयी आहे. आपल्याच प्रोग्रामने चुकीचा फोटो पुसला, तर साठवण ती आज्ञाही तितक्याच निष्ठेने पाळते. म्हणून जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय चालू ठेवायची, आणि मूळ फोटोवर पुसण्याचा अधिकार फार थोड्यांना द्यायचा.

आलेल्या फाइलवर तिच्या नावावरून विश्वास ठेवायचा नाही. आत खरोखर चित्र आहे का, ते किती मोठं उलगडेल, हे उघडून पाहायचं. त्यातून छोटी-मधली चित्रं तयार करायची. ही पुन्हा करता येतात. मूळ पुन्हा करता येत नाही. सोयाबीन तोवर काढून झालेलं असतं.

साठवणीतून पाहणाऱ्याच्या फोनपर्यंतचा परतीचा प्रवास सोपा आहे. चित्राच्या नावातच त्याच्या आशयावरून काढलेला ‘हॅश’, म्हणजे आकड्या-अक्षरांचा ठसा, असला, तर चित्र बदललं की नावही बदलतं, आणि मग ३,१५,३६,००० सेकंद, म्हणजे एक वर्ष, ते निर्धास्तपणे जवळच्या सर्व्हरवर आणि फोनवर राहू द्यायला हरकत नाही. पाहणाऱ्याचा डेटा वाचतो. चित्रासोबत दोन शब्दांचं वर्णनही जावं, म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या ‘टॉकबॅक’वर ऐकणाऱ्या अंध माणसाला समोर काय आहे ते कळेल.

शेवटचा टप्पा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो: पुसणं. कोणी म्हणालं, माझा फोटो काढून टाका, तर मूळ, छोटी-मधली चित्रं, वाटेतल्या कॅशेतल्या प्रती आणि राखीव प्रती या सगळ्यांपर्यंत ती इच्छा पोहोचायला हवी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती दुरुस्त करण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क मान्य केला आहे. पण कायदा नसता तरी हे करायला हवं होतं. विश्वासाने दिलेली वस्तू मागितल्यावर परत करायची असते.

आता सगळे टप्पे एकदम मनासमोर आणा. कॅमेरा, ॲप, टॉवर, सर्व्हर, साठवण. प्रत्येक सांध्यावर फोटो एका हातातून दुसऱ्या हातात जातो, आणि प्रत्येक सांध्यावर तो पडू शकतो. दुसऱ्या हाताने घट्ट धरल्याचं सांगेपर्यंत पहिल्या हाताने सोडायचं नाही, हे या सगळ्या शास्त्राचं सार आहे. बाकी साधनं दर काही वर्षांनी बदलतील. हे बदलणार नाही.

तुम्ही अशी ॲप बनवत असाल तर एवढं कराच. आपलं ॲप सर्वांत स्वस्त फोनवर टाका, एक फोटो पाठवायला लावा, अर्ध्यावर नेट बंद करा, ॲप बंद करा, फोन बंद करून पुन्हा सुरू करा. मग स्वतःला विचारा: फोटो आत्ता कुठे आहे, आणि वापरकर्त्याला ते स्पष्ट दिसतंय का? दोन्हींची उत्तरं ठामपणे देता येत नसतील, तर ॲप अजून लोकांच्या हाती देऊ नका.